बद्द आवाज

तिने उठून बसत मांडीवर ठेवलेला काशाचा मोठा वाडगा दोन्ही हातांनी उचलला, कानाशी धरला आणि बोटाच्या पेराने त्यावर टकटक केलं.

"मावशी, हा तडकलाय."

खोलीत तिच्यासकट आठ माणसं चटयांवर डोळे मिटून पडली होती. आता कुठे जायचं नाही, काही करायचं नाही, फक्त आवाजाबरोबर राहायचं, असं त्यांना नुकतंच सांगून झालं होतं. सहा जणांनी डोळे उघडले. सातवे गृहस्थ घोरत होते, ते घोरतच राहिले.

"शू," मावशी म्हणाल्या.

"शू काय? ऐका ना. शेवटाला खरखरतोय."

"तो गुरगुरतो. त्याचा स्वभावच आहे तो. आडवी हो."

"भांड्याला कसला आलाय स्वभाव? तडा गेलाय त्याला."

मावशींनी वाडगा तिच्या हातातून काढून घेतला, आपल्या गादीवर नेऊन ठेवला आणि लहान वाडग्यावर कापड गुंडाळलेला दांडा हलकेच मारला. आवाज खोलीभर पसरला. सहाही जणांनी पुन्हा डोळे मिटले. ती मात्र छताकडे बघत पडून राहिली. आपण बरोबर आहोत असं तिला सात महिन्यांत पहिल्यांदाच वाटलं होतं आणि त्याचीच तिला भीती वाटत होती.

मावशींनी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून लोकांचे फोन जोडून दिले होते. निवृत्त झाल्यावर जिन्यावरून पडल्या आणि नऊ महिने पाठीवर झोपून काढले. तेव्हा कोणीतरी त्यांच्याजवळ असा एक वाडगा वाजवत बसायचं. त्या उठल्या आणि वाडगे जमवायला लागल्या. आता सात होते, आणि आठवड्यातून तीनदा बाहेरच्या खोलीत वर्ग भरायचा. प्रत्येक वर्गाच्या सुरुवातीला त्या बजावायच्या, "मी डॉक्टर नाही. ज्यांची औषधं चालू आहेत त्यांनी ती चालूच ठेवायची. इथे फक्त पडायचं आणि ऐकायचं." मावशींचा हा सरळपणा तिला आवडला होता. बाकी सगळ्याबद्दल तिला शंका होत्या आणि त्या ती तोंडावर बोलून दाखवायची.

ती ओतकामाच्या कारखान्यातली. सगळे तिला ठोकबाई म्हणत. बावीस वर्षं तिचं एकच काम होतं. साच्यातून निघालेली लोखंडी कास्टिंगं लहान हातोडीने ठोकायची आणि ऐकायचं. चांगलं कास्टिंग खणखणीत वाजतं, आवाज लांबपर्यंत जातो. आत तडा असेल तर बद्द वाजतं. मग खडूने एक तर बरोबरची खूण करायची, नाही तर फुली. नव्याने लागलेल्या माणसांना आधी ही थट्टाच वाटायची. एकदा तपासणीचं मशीन आलं तेव्हा तीनशे नगांवर दोघांची परीक्षा झाली. मशीन दोनदा चुकलं आणि ती एकदा. ते 'एकदा' तिने कधीच मान्य केलं नाही.

सात महिन्यांपूर्वी एका मोठ्या पंपाचं कास्टिंग क्रेनवरून सुटलं. साखळी अडकवायला त्या कास्टिंगलाच ओतलेली एक कडी होती. ती मुळापासून उखडली आणि सगळा बोजा तिच्या डाव्या पायावर आला. पाय वाचला. त्यात सळ्या आणि स्क्रू बसले, पण तळवा लाकडासारखा बधिर झाला. तुटलेल्या कडीची बाजू बघितली तर आत जुना काळा तडा होता आणि कास्टिंगवर तिच्या हातची बरोबरची खूण होती. इस्पितळात तिसऱ्या आठवड्यात कानाला यंत्र लावून तिची श्रवणचाचणी घेतली. गुंगीच्या औषधांत तिने निम्म्या वेळा बटण दाबलंच नाही. निष्कर्ष सगळ्यांना सोयीचा निघाला: बाईंचा कान गेला.

तिलाही ते पटल्यासारखं झालं. घरी आल्यावर तर धातूचा आवाजच सहन होईना. ताटलीत चमचा पडला की ती अंथरुणात ताडकन उठून बसायची. नवऱ्याने स्टीलची सगळी भांडी खोक्यांत भरली आणि वर चिकटपट्टी मारली. मग चार महिने दोघं प्लॅस्टिकच्या ताटल्यांत जेवली. नवरा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं दुकान होतं. वाडग्यांखाली ठेवायच्या गोल गाद्या मावशी त्याच्याकडून शिवून घ्यायच्या. त्यानेच विषय काढला.

"जाऊन तर बघ. नुसतं पडून राहायचं असतं म्हणे. इथेही पडलेलीच असतेस."

त्याचं तोंड बंद करायला म्हणून ती गेली. पहिल्या ठोक्याला कुबड्या घेऊन दाराबाहेर पडली आणि पायरीवर जाऊन बसली. मावशी मागे आल्या नाहीत, त्यांनी फक्त दार उघडं ठेवलं. पुढच्या वेळी ती उंबऱ्यावर बसली. मग दाराशेजारी, भिंतीला टेकून. पाचव्या वेळी चटईवर. मावशी तिच्या बधिर तळव्याला टेकवून लहानसा वाडगा ठेवायच्या, दांडा मारायच्या आणि आवाज पार विरेपर्यंत हात लावायच्या नाहीत.

"काही वाटतंय?"

"नाही."

"बरं. परवा ये."

वर्गाच्या तिसऱ्या महिन्यात एके दिवशी वाडगा थरथरला आणि अंगठ्याशेजारी मुंग्या आल्या. ती कोणाला बोलली नाही. आठ दिवसांनी डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, नसा आपल्या वेळेने जाग्या होतात, वाडग्याचं काही सांगता येत नाही. नसेल सांगता येत. पण त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला खोक्यातून स्टीलची एक ताटली काढायला लावली. ती जेवली आणि ताटलीवर चमचा मुद्दाम जोरात आपटला. पुढच्या खोलीतून नवऱ्याने डोकं आत काढून बघितलं आणि परत शिवायला बसला. आठवडाभरात सगळी खोकी रिकामी झाली.

वर्ग संपून माणसं पांगली तसा तिने मोठ्या वाडग्याचा विषय पुन्हा काढला. मावशी चटया गुंडाळत होत्या.

"अकरा वर्षं वाजवतेय मी तो. लोक मुद्दाम मागून घेतात. म्हणतात, काय खोल आवाज आहे."

"खोल नाही, फुटका आहे."

मावशी कमरेवर हात ठेवून सरळ उभ्या राहिल्या. "आपला कान गेलाय, असं तूच सांगितलं होतंस ना मला?"

तिने काठी उचलली आणि ती घरी आली.

कापड बेतायच्या टेबलावर, मोठ्या कात्रीखाली, कारखान्याचा कागद पंधरा दिवसांपासून पडून होता. त्यावर तिच्या नावाने टाइप केलेलं होतं की, वयोमानानुसार माझी श्रवणशक्ती कमी झाल्यामुळे सदर दोष माझ्या लक्षात आला नाही. खाली सहीची जागा. सही केली की पाय धड नसलेल्या माणसाला झेपेल असं स्टोअरमधलं बैठं काम मिळणार होतं. मुदत सोमवारपर्यंत.

"करून टाक सही," नवरा मशीन थांबवून म्हणाला. "खुर्ची, टेबल, डोक्यावर पंखा. कोणावर ठपका नाही, काही नाही."

"आणि मी बहिरी."

"वयाने कान जातातच गं. माझे डोळे नाही गेले? सुईत दोरा ओवायला शेजारणीला हाक मारतो मी. मला वाटते का लाज?"

"तुमच्या डोळ्यांमुळे कोणाचा पाय मोडला नाही."

"तुझ्या कानामुळे मोडला तो तुझाच ना? दुसऱ्या कोणाचा मोडला असता तर?"

तो हे समजूत घालायला म्हणाला होता, पण ते तिला लागलं. तो पुन्हा मशीन चालवायला लागला. थोड्या वेळाने तिने विचारलं, "घरात रॉकेल आहे का?"

मशीन थांबलं. तो स्टुलावरून अर्धा उठला. "कशाला?"

"तोंड कशाला पाडताय? जाळून नाही घेत मी. वाडगा तपासायचाय."

मशीन साफ करायला ठेवलेली रॉकेलची छोटी बाटली त्याने खणातून काढली. ती बराच वेळ त्याच्या हातातच होती. शेवटी कापडावर खुणा करायचे दोन पांढरे खडूही त्याने बाटलीबरोबर पिशवीत टाकले. बावीस वर्षं तो तिच्या कामाच्या गोष्टी ऐकत आला होता. खडू कशाला लागतो हे त्याला सांगावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्ग नव्हता. मावशींनी दार उघडलं, पिशवीकडे बघितलं आणि सुस्कारा सोडला.

"तू काही सोडायची नाहीस."

"नाही."

जमिनीवर वर्तमानपत्र पसरून तिने वाडगा पालथा घातला आणि चिंधीने सगळीकडून रॉकेल चोपडलं. बारीक तडा असेल तर त्यात रॉकेल शिरतं. मग वरून पुसून कोरडं करायचं आणि खडूची पूड भुरभुरवायची. तड्यात मुरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. डोळ्यांना न दिसणारा तडा दाखवायची कारखान्यातली ही सगळ्यात जुनी युक्ती. रॉकेल मुरायला अर्धा तास लागतो. मावशींनी चहा केला. रेघ उमटली नाही तर घरी जाऊन मुकाट सही करायची, असं तिने येतानाच ठरवलं होतं. चहा कसा झालाय हे तिला कळलंच नाही.

तिने वाडगा पुसला. पातळ फडक्यात बांधलेली खडूची पूड वरून झटकली. दोघी गुडघ्यांवर हात ठेवून बघत बसल्या. पूड पांढरी होती आणि पांढरीच राहिली. रस्त्यावरून एक गाडी गेली, शेजारी कोणीतरी नळ सोडला. मावशी "बघ हं" असं म्हणायला तोंड उघडणार इतक्यात काठाशी केसाएवढी ओल दिसली. ती खाली सरकली, वाकडी झाली आणि दोन बोटं उतरून थांबली.

"आली!" ती ओरडली. "आली की नाही? बघा! चष्मा लावा आणि बघा!"

मावशींनी चष्मा लावून बघितलं. ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि खडूच्या हातांनीच ती ते पुसत होती. कान शाबूत होता. मशीनला सापडला नसता असला तडा तिने पाठीवर पडल्या पडल्या, सहा माणसांच्या श्वासांत आणि एकाच्या घोरण्यात पकडला होता. तिला आत्ताच्या आत्ता कारखान्यात जाऊन प्रत्येकाच्या कानाखाली तो वाडगा वाजवावासा वाटला.

मावशी खाली बसल्या. त्यांनी चष्मा काढला.

"गेल्या वर्षी धुताना हातातून निसटला होता," त्या म्हणाल्या. "त्या दिवसापासूनच गुरगुरायला लागला. मला ऐकू आलं होतं गं. एकतीस वर्षं कानाचंच काम केलं, मला नाही कळणार? पण थंडी होती. म्हटलं, थंडीने वाजत असेल तसा. मग ऊन पडलं, तेव्हा म्हटलं, उन्हाने असेल. पुढे लोकच म्हणायला लागले, काय खोल आवाज आहे. मग तर बरंच झालं."

तिचं हसू थांबलं. ती वाडग्यावरची रेघ बघत राहिली. मावशींना वाटलं, आता ही चिडणार. पण ती बोलायला लागली तेव्हा आवाज अगदी साधा होता.

"त्या दिवशी मलाही ऐकू आलं होतं."

"काय?"

"ते कास्टिंग. बद्द वाजलं होतं."

मावशी ऐकत राहिल्या. फोन जोडून दिल्यावर लाइनीवर गप्प राहायची त्यांना सवय होती.

तिने सगळं सांगितलं. कास्टिंग पुरतं निवल्याशिवाय ठोकायचं नाही हा नियम. गरम लोखंड खणखणत नाही. पण फाटकाशी ट्रक उभा होता आणि सुपरवायझरची घाई चालली होती. तिने ठोकलं, बद्द. पुन्हा ठोकलं, पुन्हा बद्द. "बाई, अजून गरम आहे म्हणून तसं वाजतंय," सुपरवायझर म्हणाला, "निवलं की खणखणेल." गरम लोखंड वेगळं वाजतं आणि तडकलेलं वेगळं, हा फरक तिला झोपेतसुद्धा कळला असता. त्या आठवड्यात ती दोनदा भांडली होती. एकदा ट्रक रिकामा परत पाठवला होता. सगळे तिला हेकट म्हणायला लागले होते. तिसऱ्यांदा वाईट व्हायचा तिला कंटाळा आला. तिने खडूने बरोबरची खूण केली, आणि क्रेनची साखळी घट्ट झाली.

"तो सुपरवायझर दर रविवारी इस्पितळात यायचा," ती म्हणाली. "फळं घेऊन. त्या गोष्टीबद्दल एक शब्द बोलला नाही. मीही नाही बोलले. कान गेला म्हटलं की कसं, कोणाचीच चूक नाही. त्याची नाही, माझी नाही."

"आणि आता?"

"आता काय? सोमवारी जायचंय."

"स्टोअरची खुर्ची जाईल."

"जाऊ दे."

मावशींनी फडकं घेऊन वाडगा पुसायला सुरुवात केली. मग मध्येच थांबल्या. "वर्गाला माणसं येतात त्यांना काय सांगू आता?"

"खरं सांगा. म्हणावं, फुटलाय. कोणी रडणार नाही. आणि नवा आणाल तेव्हा मला बरोबर न्या, दहा ठोकून एक निवडून देते."

सोमवारी कारखान्याच्या फाटकावर रखवालदार म्हणाला, वर कशाला चढताय, कागद खालीच मागवतो. तिने मान हलवली आणि एका हाताने कठडा, दुसऱ्या हाताने काठी धरून जिना चढली. नवरा मागून येत होता. तिने मागे न बघता सांगितलं, "धरलंत तर बघा." तो हात पुढे धरून, पण न लावता, वरपर्यंत आला आणि दाराबाहेरच्या बाकावर बसला.

खोलीत व्यवस्थापक होते आणि खिडकीशी सुपरवायझर. खालून लोखंडावर लोखंड आपटल्याचे आवाज येत होते. ती दचकली नाही. तिने कागद टेबलावर ठेवला. सहीची जागा कोरीच होती.

"हे खोटं आहे, साहेब. मला ऐकू आलं होतं."

"म्हणजे?"

"दोनदा ठोकलं, दोनदा बद्द वाजलं. तरी मी बरोबरची खूण केली."

व्यवस्थापकांनी आधी तिच्याकडे आणि मग दाराकडे बघितलं. दार लावलेलं होतं. "बाई, तुम्ही काय बोलताय हे कळतंय का तुम्हाला? हे लिहून दिलंत तर सगळा ठपका तुमच्यावर येईल. चौकशी बसेल. आम्ही तुमची सोय बघून हा कागद तयार केला होता."

"सोय चांगली आहे. पण मला स्टोअर नको, माझी हातोडी हवी. उभं राहता येत नाही, बसून ठोकीन."

"चूकही कबूल करताय आणि वर कामही मागताय?"

"चुकीची शिक्षा द्या ना. महिना घरी बसवा, दोन महिने बसवा. चुकलेल्या माणसाला परत हातोडी देता येते, साहेब. बहिऱ्याला कोण देणार?"

व्यवस्थापकांनी पेन उचललं. "पण खूण का केलीत? कोणी सांगितलं करायला?"

खिडकीशी सुपरवायझर ताठ उभा होता. त्याची नजर खालच्या शेडवर होती. तिने त्याच्याकडे क्षणभर बघितलं.

"ते ज्याने सांगितलं त्याने सांगावं. मी माझ्या कानाचं सांगायला आलेय. हात माझा होता, तेवढं लिहा."

व्यवस्थापक लिहायला लागले. दोन ओळी झाल्यावर त्यांनी त्या वाचून दाखवल्या. "ठोकल्यावर आवाज बद्द वाटला असावा..."

"'वाटला असावा' खोडा."

"बाई, ते तुमच्याच भल्यासाठी..."

"खोडा. 'मी ऐकला' असं लिहा."

त्यांनी खोडलं आणि लिहिलं. तिने ते स्वतः वाचलं, 'ऐकला' या शब्दावर बोट ठेवून पुन्हा एकदा वाचलं आणि मोठ्या अक्षरात सही केली. व्यवस्थापक म्हणाले, निर्णय समिती घेईल, दिवस लागतील, तोवर काही सांगता येणार नाही. ती बरं म्हणाली आणि काठी टेकून उठली. नवरा बाहेर उभाच होता. सगळं ऐकल्याचं त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. त्याने तिची पिशवी स्वतःकडे घेतली.

मागे दार बंद होता होता सुपरवायझरचा आवाज आला.

"साहेब, अजून एक कोरा कागद आहे का?"

नवरा थबकला. ती थांबली नाही. शेडमध्ये जाऊन तिला आधी बसायला एखादं बऱ्यापैकी स्टूल शोधायचं होतं.